वजन घालून ट्रायल

अंबरपेठेत इडलीचं पीठ वाटून हॉटेलांना पोचवणाऱ्या गंगूबाईंचा उजवा खांदा कामातून गेला आणि डॉक्टरांनी हातगाडी ढकलायची बंद केली. आता धंदा सोडायचा का, एवढाच प्रश्न उरला. त्यांचे यजमान हिम्मतराव यांची हयात पंखे-मोटरी दुरुस्त करण्यात गेलेली. म्हणाले, "सोडतेस कशाला? मोटरवाली तीनचाकी जोडतो तुला."

मोटर झाली, बॅटरी झाली. अडलं ते कंट्रोलरवर, म्हणजे मोटरला करंट किती सोडायचा ते ठरवणाऱ्या डब्यावर. दुकानदारानं दोन पुढ्यात ठेवले. एक स्कूटरचा, आटोपशीर, तीस अँपिअरचा. दुसरा पन्नासचा, विटेएवढं धूड. मोटर तर तीच, मग हे लोढणं कशाला, म्हणून हिम्मतरावांनी छोटा उचलला. गाडी गल्लीत पळाली, चढावर पळाली, आणि स्वारी आठवडाभर मिशीत हसत राहिली.

पण पळाली ती रिकामी. पूजेआधी नव्या गाडीत अन्न चढवायचं नाही, हा गंगूबाईंच्या माहेरचा नेम. हिम्मतरावांनाही ते सोयीचंच पडलं, वजन घालून बघायचं टळलं, खोटं कशाला बोला.

शुक्रवारी नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, पिठाचे डबे चढले. हॉटेलांकडच्या चढाच्या मध्यावर गाडी थांबली. मोटर करंट मागत होती आणि कंट्रोलर देईना. ब्रेकही त्या वजनाला पुरेना, गाडी हल्लू मागं सरकायला लागली. गंगूबाईंनी दुखरा खांदा लावला, तेव्हा कुठं हिम्मतरावांना चाकामागं दगड सारता आला. मग त्या डाव्या हातानं एकेक डबा उतरवायला लागल्या. हिम्मतरावांना त्याचीच जास्त शरम वाटली.

पन्नासचा कंट्रोलर आला, जाड वायरी आल्या, ब्रेक नवा झाला. "पूजा पुन्हा करू," हिम्मतराव चाचरत म्हणाले. "पण त्याआधी वजन घालून बघायला पाहिजे. आता तुझा तो नेम..."

"नेम अन्नाचा आहे, माझा नाही," म्हणत गंगूबाई स्वतःच गाडीत चढून बसल्या. शेजारच्या माधवीला आणि राणीलाही त्यांनी बसवलं. "चला. मधी थांबवा, तिथून उचलते का बघू."

मध्यावर थांबवली, तिथून उचलली. वर पोचल्यावर त्या दोघी उतरल्या, गंगूबाई बसूनच राहिल्या. इतकी वर्षं हा चढ त्यांनी हातगाडी ढकलत, मान खाली घालून चढला होता.

"उतर की, चालली ना," हिम्मतराव म्हणाले.

"हौ, चालली. पण खाली घ्या," त्या म्हणाल्या. "अजून एकदा बसून चढू द्या मला."