ओले बोट

सासूबाईंनी वाटीतल्या पाण्यात तर्जनी बुडवली, जास्तीचे पाणी काठावर निथळू दिले आणि ते ओले बोट स्पीकरच्या पेटीच्या डाव्या सांध्यावर टेकवले.

"दाब," त्या म्हणाल्या.

सुनेने पेटीत बसवलेल्या सबवूफरच्या, म्हणजे दणक्याचे खालचे सूर काढणाऱ्या स्पीकरच्या, काळ्या पडद्यावर दोन्ही पंजे पसरले आणि तो अलगद आत दाबला. पडदा रुतला, थांबला, आणि हात सैल होताच सावकाश वर आला. जेवून तृप्त झालेला माणूस खुर्चीतून उठावा तसा. तिने पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. त्या लयीवर सासूबाईंचे बोट सांध्यावरून खाली सरकत गेले. प्लायच्या दोन फळ्या जिथे मिळतात तिथे केसाएवढी जरी फट राहिली असली, तरी आतली हवा तिथून निसटते आणि ओल्या कातडीला थंड फुंकर लागते. या कारखान्यातून गाडीत बसायला निघालेली एकही पेटी या बोटाखालून गेल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडलेली नव्हती.

बोट खालच्या कोपऱ्याशी थांबले.

"इथं गळतंय."

उलट्या खोक्यावर बसलेल्या जीपवाल्याने कपाळाला हात लावला. ज्याच्या जीपच्या मागच्या भागात ही पेटी बसायची होती, तो हा. रोज येऊन बसत होता आणि रोज रिकाम्या जीपने परत जात होता.

"मावशी, काल वरच्या कोपऱ्यात गळत होतं, त्याआधी पाठीमागं. ही पेटी आहे की चाळण?"

"चाळण असती तर आधी तुझी बडबड गाळून घेतली असती."

"वहिनी, तुम्हीच सांगा काहीतरी."

वहिनी काय सांगणार? तिने पडद्यावरचे हात काढले, पेटी आडवी केली आणि स्क्रू सोडवायला बसली. उत्तर तिच्या तळव्यांत होते. फट असती तर पडदा असा सावकाश उठला नसता, धावत वर आला असता. हे तिला याच बाईने शिकवले होते, लग्नानंतर पहिल्याच वर्षी, तिचे हात आपल्या हातांखाली दाबून धरून.

कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार, आणि एकुलत्या एका खिडकीला टेकवून ठेवलेले प्लायचे तक्ते. त्यामुळे उजेड यायचा तो शटरखालून, जमिनीला धरून. हवेत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. इथे ती सून म्हणून आली आणि कारागीर झाली. मुलगा मात्र आईच्या पोटी जन्मूनही कोराच राहिला. त्याने करवत हातात घेतली की लाकूडच शहारायचे. शेवटी त्याने दूरच्या शहरात एका गोदामात नोकरी धरली, खोली घेतली, आणि जाताना बायकोला म्हणाला, तूही चल. सासूबाई आडव्या आल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "हातात घेतलेलं काम पुरं झाल्याशिवाय या घरातून पाऊल निघायचं नाही. मग खुशाल जा."

रास्त होते. तिने मान डोलावली आणि हातातली कामे एकामागून एक हातावेगळी केली. राहिली ती ही शेवटची पेटी. पलंगाखाली बॅग भरून ठेवलेली होती. कंगवा तेवढा वर होता. आणि पेटी काही संपत नव्हती.

तिने खालच्या कोपऱ्यात सिलिकॉनची नळी अशी पिळली, की ते दोन्ही बाजूंनी ओघळले.

"माल फुकट आला आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई."

"मग राग लाकडावर काढू नये. लाकूड लक्षात ठेवतं."

जीपवाल्याने संधी साधली. "मावशी, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, मला नळीचीच पेटी करून द्या. पुढं गोल भोक, त्यातून दणका बाहेर. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत आहे. काच थरथरते."

"आणि त्याचा पडदा?"

"तो फाटला एकदा. दुसरा घातला."

"मग त्याच्याकडेच जा. इथं बंद पेटी मिळते." सासूबाईंनी वाटी उचलली. "कोंडलेली हवा पडद्याला पाठीमागून धरून ठेवते. कितीही जोरात वाजव, ती त्याला हद्दीबाहेर जाऊ देत नाही. तू भोक पाडलंस, की अगदी खालच्या सुरांना त्याला धरणारं कोणी उरत नाही. भरकटतो, आणि फाटतो."

हे बोलताना त्या जीपवाल्याकडे पाहत होत्या. तरी सुनेला वाटले, वाक्य आपल्याच अंगावर येऊन पडले.

सिलिकॉन सुकायला वेळ लागणार होता. जीपवाला चाकांत हवा भरून येतो म्हणून गेला. सुनेने चहा टाकला. ती कप घ्यायला वळली तोवर सासूबाईंनी उकळते पातेले नुसत्या हातांनी उचलून ओट्यावर ठेवले.

"आई, फडकं!"

"तुम्हा मुलींना प्रत्येक गोष्टीला फडकं लागतं."

हा दिमाख सुनेच्या ओळखीचा होता. तेवढ्यात फोन वाजला. ती दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली. त्यापलीकडे जायला जागाच नव्हती.

"कधी निघतेस?" नवऱ्याने विचारले.

"अहो, पेटी व्हायची आहे." एरवी ती त्याला अरे-तुरे करायची. सासूबाई ऐकत असल्या की अहो.

"अजून? तुझ्या हातच्या पेटीला इतके दिवस?"

"गळतेय म्हणतात."

तो म्हणाला, "गळतेय, की गळवली जातेय? आईला ओळखत नाहीस तू. तिला सोडायचं नसलं, की ती नाही म्हणत नाही. काम काढते."

तिने फोन ठेवला. मागे सासूबाई चहा पीत होत्या, पाठ ताठ, नजर पेटीवर.

दुपार कलताना शेजारच्या शेडमधले लोखंड घासायचे चाक सुरू झाले. त्याच्या घरघरीत जवळचे बोलणेही जेमतेम ऐकू येत होते; हवेची फुसफूस तर नाहीच. सासूबाई वाटीत पाणी घ्यायला आत गेल्या तेव्हा सुनेने खिशातून पेचकस काढला. पेटीच्या पाठीमागे, तारा आत जातात तिथे, एक लहान पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली असते. तिने त्यातले दोन स्क्रू चांगले ढिले केले आणि पेचकस परत खिशात टाकला.

आज सोक्षमोक्ष. त्या पट्टीवर बोट ठेवून सासूबाई "इथं गळतंय" म्हणाल्या, तर ते खरे असेल. पण ती सोडून दुसऱ्या कुठल्या कोपऱ्याचे नाव त्यांनी घेतले, तर ती सरळ म्हणणार होती: आई, मला अडवायचंच असेल तर तोंडाने अडवा, बोटाने नको. ते वाक्य तिने मनात दोनदा घोळवले.

"दाब."

तिने दाबले. पडदा कसलाही विरोध न करता आत गेला आणि तसाच झटकन वर आला. पंज्यांखालून हवा पळतेय हे तिला लख्ख कळत होते. ओले बोट वरच्या सांध्यावरून निघाले, कोपऱ्यातून वळले, पाठीवर उतरले. पट्टीच्या कडेला पाण्याचा थेंब लागला आणि हवेने त्याचा बुडबुडा झाला, फुटला, परत झाला. बोट त्या बुडबुड्यावरून पुढे गेले. जराही न अडखळता गेले.

"थांब," सासूबाई उजव्या सांध्यापाशी म्हणाल्या. "इथं वाटतंय."

तयार वाक्य म्हणण्याआधी सुनेची नजर खाली गेली.

तिने त्या बोटाकडे पाहिले. इतकी वर्षे ते बोट काय म्हणते याकडे तिचे लक्ष असायचे; बोट कसे आहे ते तिने पाहिलेच नव्हते. शेंड्यावर पांढरट फोड होती, आजच्या पातेल्याची. तिच्याखाली एक जुना, काळा पडलेला डाग. शेजारच्या मधल्या बोटात प्लायची बारीक कुसळ रुतून बसली होती. भोवतालची कातडी लाल झाली होती, आणि ती कुसळ कोणी काढली नव्हती. कारण ती आहे हेच कोणाला कळले नव्हते.

शेजारचे चाक बंद पडले. एकदम फार शांत झाले.

"वाटतंय, की लागतंय?" सुनेने हळूच विचारले.

सासूबाईंनी बोट उचलले, कपड्याला पुसले, दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले आणि पहिल्यांदाच पेटीच्या पाठीकडे नीट पाहिले.

"पट्टीचे स्क्रू घट्ट कर," त्या म्हणाल्या. "दोन वर आलेत, आणि पेचकस तुझ्या खिशातून डोकावतोय. डोळे गेलेले नाहीत माझे."

सुनेचा हात आपोआप खिशाकडे गेला. स्क्रू आवळताना तिला तोंड वर करवेना.

"कधीपासून, आई?"

"थंडी पडली तेव्हापासून. आधी बोटांचे शेंडे गेले. मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत."

"बोलला का नाहीत?"

"कोणाला? तुला? तू बॅग भरत होतीस."

"पण मग ठीक आहे म्हणून सोडून द्यायचं. रोज नवा कोपरा कशाला..."

"मला कळत नाही, त्याला मी ठीक कसं म्हणू?" सासूबाईंचा आवाज चढला नाही, फक्त कडक झाला. "त्यापेक्षा गळतंय म्हणणं बरं. निदान तू उघडून पुन्हा बघतेस. या घराचं बोट आजवर खोटं ठीक म्हणालेलं नाही."

सुनेने शेवटचा स्क्रू बसवला. मघापर्यंत जायला तिच्याकडे राग होता. राग हे मोठे सोयीचे वाहन. त्यात बसले की मागे वळून पाहावे लागत नाही. आता ते तिच्याखालून काढून घेतल्यासारखे झाले. पलंगाखालची बॅग तिला आठवली, आणि तिच्यावर कोणीतरी बसले आहे असे वाटले.

"मी कळवते त्यांना," ती म्हणाली. "थोडं लांबणीवर..."

"पेटीचं बोल." सासूबाईंनी हनुवटीने पेटी दाखवली. "मोठी कापलीस तू. ज्या दिवशी तक्त्यावर पेन्सिल ओढलीस, त्याच दिवशी दिसलं मला."

सून गोरीमोरी झाली. खरे होते. जीपवाल्याने नळीची पेटी मागितली, सासूबाईंनी उडवून लावली, आणि तिचा हात मात्र नळीच्या पेटीला लागते तेवढे माप घेऊन बसला. का, ते तिने स्वतःलाही विचारले नव्हते.

"हात तसा चालला," ती म्हणाली.

"चालला. एवढ्या मोठ्या पेटीत हवेला ताण कुठला? ती धरून धरून पडद्याला किती धरणार? नुसती बंद आहे, एवढंच. ही पेटी बंद राहण्यासाठी कापलेलीच नाही." त्यांनी दर्शनी फळीकडे पाहिले. "भोक पाड. नळी बसव."

"आई?"

"ऐकू येतं ना? तुझे कान तरी शाबूत असतील."

जीपवाला परतला तेव्हा सून पेटीच्या दर्शनी फळीवर करवतीने गोल कापत होती. तो दारातच थबकला.

"मावशी, हे काय बघतोय मी?"

"तुझ्या मनासारखं होतंय. नाचू नकोस, भुसा उडतो."

नळी बसली. सुनेने पेटीच्या तारा जीपमधल्या अॅम्प्लिफायरला जोडल्या. सासूबाई उठून जीपच्या मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"आता याला धरणार कोण?" त्यांनी विचारले. परीक्षा घ्यायचा सूर होता.

"खालचे सूर मुळात पाठवायचेच नाहीत, आई. ही पेटी जिथवर पेलते त्याच्या खालचं सगळं हा फिल्टर कापतो." तिने बारीक बटण फिरवून जागेवर आणले. "पडद्याला धरून ठेवायला नको. त्याला न झेपणारं त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, बस."

"ठाऊक आहे मला. तुला ठाऊक आहे का ते ऐकायचं होतं." त्या जीपवाल्याकडे वळल्या. "ऐकलंस? त्या बटणाला हात लावलास तर पडद्याबरोबर तुलाही फाडीन."

सुनेने एक खोल, सलग सूर सोडला. तो ऐकू येण्याआधी पायांना कळला. जीपचा पत्रा गुणगुणू लागला. सासूबाईंनी सवयीने वाटी शोधली, मग आठवल्यासारखा हात तसाच नळीच्या तोंडापुढे नेला. बोटे पसरून थोडा वेळ धरली. चेहऱ्यावर काही उमटले नाही.

मग त्या वाकल्या. वाकताना तोल जातोसे वाटून सुनेने त्यांचा हात पकडला. घाईत हाती आली ती नुसती बोटांची पेरे. सासूबाईंनी आपला सुरकुतलेला गाल नळीच्या तोंडाशी नेला आणि डोळे मिटले. कानशिलावरचे पांढरे केस हलू लागले.

"येतेय," त्या म्हणाल्या. "चांगली येतेय. बोटं गेली तर गाल आहेत अजून."

सुनेच्या खिशातला फोन वाजू लागला.

"त्याचाच असेल. सांग, पेटी झाली."

सून हलली नाही. डाव्या हातात तिने अॅम्प्लिफायरची तार धरली होती. उजव्या मुठीत ती फोड आलेली बोटे होती, आणि मूठ घट्ट झाली होती. फोन वाजत राहिला. जीपवाला एकीकडून दुसरीकडे पाहू लागला.

"अगं, उचल ना," सासूबाई गाल न हलवता, डोळे न उघडता म्हणाल्या. "मी काय धरून ठेवलंय तुला?"