वाऱ्याने सरकलेला चेंडू

अरबी समुद्रातलं वादळ किनाऱ्याला न लागता वर निघून गेलं होतं, पण त्याचा वारा काही खालापूर सोडायला तयार नव्हता. मे महिना संपत आला होता. रस्त्यावर फांद्या पडल्या होत्या, गोल्फ क्लबच्या गेटवरचा बॅनर फाटून तारेला लोंबत होता. सेक्रेटरींनी विचारलं, फायनल पुढे ढकलूया का? भाग्यश्री आणि निलेश दोघंही नको म्हणाले. पुढे कारखान्यात शटडाऊनची गडबड होती, दोघांनाही सुटी मिळाली नसती.

दोघं मोहोपाड्याच्या एकाच कारखान्यात होते. भाग्यश्री गायकवाड प्रयोगशाळेत, निलेश ठोंबरे उत्पादनात. कॉलनीमागच्या माळावर एका रिटायर झालेल्या मॅनेजरने टाकून दिलेल्या जुन्या काठ्या घेऊन दोघं गोल्फ शिकले होते. निलेश कडावचा, शेतकरी घरातला. या क्लबात आधी तो आला, मग त्याने तिला आणलं. पहिल्या दिवशी तिने आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबला होता. तो थांबा तिला लहानपणापासून ओळखीचा होता. निलेश तेव्हा शेजारीच उभा होता, त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. तिने ते त्याला कधी सांगितलंही नाही.

वाऱ्यामुळे काठ्यांच्या पिशव्या उचलणारे कॅडी फार आले नव्हते. डोंगरातल्या ठाकूरवाडीवरची ठमी तेवढी आली होती. तिने दोघांच्याही पिशव्या उचलल्या, एक या खांद्यावर, एक त्या.

मॅच नऊ होलांची होती. ज्याचे फटके कमी, होल त्याचा. उंच मारलेला चेंडू वारा हवेतच अडवायचा आणि भलतीकडे नेऊन टाकायचा, म्हणून दोघंही खालून, जमिनीलगत मारत होते. बोललेलं ऐकू येत नव्हतं. डोळ्यांत सारखी धूळ जात होती.

चौथ्या होलवर दोघांचे चेंडू ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर आले. निलेशचा चेंडू झेंड्यापासून चांगला लांब होता. तेवढ्यात भाग्यश्रीची टोपी उडाली. ती टोपीमागे धावली. धावता धावता मागे वळून पाहिलं तेव्हा निलेश खाली वाकलेला होता आणि त्याच्या हातात टॉवेल होता. टोपी उताराखालच्या कुंपणाला अडकली होती. ती घेऊन परत आली तर निलेशचा चेंडू होलपासून वीतभर अंतरावर.

"वाऱ्याने सरकला," निलेश म्हणाला.

"एवढा?"

"अगं, माझ्या डोळ्यांसमोर गेला. गडगडत गेला."

"मार्क केला होतास?"

प्रश्न साधा होता. ग्रीनवरचा चेंडू खूण ठेवून उचलला, पुसला आणि परत ठेवला, तर त्यानंतर वाऱ्याने हलला तरी मूळ जागी आणावा लागतो. उचललाच नसेल तर वारा नेईल तिथून खेळायचं.

"नाही. उचललाच नव्हता."

तिला तो टॉवेल दिसत होता. झेंडा धरून ठमी उभी होती, तिला विचारता आलं असतं. पण निलेशसमोर ठमीला विचारणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं होतं.

"बरं," ती म्हणाली. निलेशने चेंडू आत ढकलला आणि होल जिंकला.

त्यानंतर ती खेळली कमी आणि तिने निलेशवर लक्ष जास्त ठेवलं. तो चेंडूजवळ गेला की ती दोन पावलं पुढे सरकायची. सहाव्या होलवर त्याचा फटका करवंदीच्या जाळीत गेला. तो आत शिरला आणि लगेच ओरडला, "सापडला." इतक्या लवकर? ती स्वतः जाऊन वाकून बघून आली. चेंडूवर ओळखीसाठी काढलेला त्याचा हिरवा ठिपका होता. तरी तिला वाटलं, ठिपका काय, खिशातल्या चेंडूवरही असतोच.

"काय बघतेस?" त्याने विचारलं.

"काटे आहेत, जपून."

मग तिला एकेक जुन्या गोष्टी आठवू लागल्या. दिवाळीत साहेबांनी तिला केबिनमध्ये का बोलावलं होतं, हे निलेशला आधीच कसं माहीत होतं? साजगावच्या युनिटला तिची बदली व्हायची चर्चा निघाली, ती कुणी काढली? आजवर तिने कधी असा विचार केला नव्हता. आता मात्र सगळं जुळतंय असं वाटत होतं, आणि ते जुळतंय याचं तिला एक विचित्र समाधानही होत होतं. आपल्याला कळायला उशीर झाला, एवढंच.

रागाने असेल, पण सातवा होल तिने जिंकला. आठव्यानंतर दोघं बरोबरीत होते.

नवव्या होलवर निलेशने चार फटक्यांत चेंडू आत घातला. भाग्यश्रीचे तीन झाले होते. चेंडू दोन पावलांवर होता. गेला तर बरोबरी आणि आणखी एक होल खेळायचा, चुकला तर हार. तिने चेंडूमागे नाणं ठेवलं, चेंडू उचलला, पुसला, परत ठेवला, नाणं खिशात टाकलं. काठी हातात घेऊन ती मागे सरली, उतार बघायला.

तेवढ्यात इरशाळ डोंगराच्या बाजूने असा झोत आला की झेंडा ठमीच्या हातात आडवा झाला. निलेशने पाठ फिरवून चष्म्यावर रुमाल धरला. चेंडू हलला. आधी जरासा, मग सरळ निघाला आणि टक्कन आत पडला.

आवाज ऐकून निलेश वळला. "आत गेला?"

"गेला."

"वाऱ्याने? कमाल आहे." त्याने चष्मा वर करून डोळे चोळले. "मार्क केला होतास?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "नाही. उचललाच नव्हता."

"मग तीनच झाले की. जिंकलीस." त्याने हात पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. तिला वाटलं, बोलणार कुठल्या तोंडाने? त्याने चौथ्या होलवर केलं, तेच मी केलं.

क्लबच्या मागे काठ्या धुवायचा नळ आहे. भाग्यश्री तोंडावर पाणी मारायला तिथे गेली. आत चहा चालला होता, थोड्या वेळाने विजेत्याचा कप द्यायचा होता. ठमी निलेशच्या काठ्या पुसत बसली होती.

"ताई, येक इच्यारायचं व्हतं," ती हळूच म्हणाली. "आत कोनी मला बोलावलं तर काय सांगू?"

"कशाबद्दल?"

"तुमच्या चेंडूचं. तुमी नानं ठेवलं व्हतं ना."

भाग्यश्रीने आजूबाजूला पाहिलं, जवळ कोणी नव्हतं. मग लगेच वाटलं, हिला काहीतरी पाहिजे आहे. "तुला काय पाहिजे, ठमे?"

ठमीला प्रश्न कळलाच नाही. "मला काय पायजे? मला घरी जायचंय. वाडीवर छपरावरचं पत्रं उडालं असंल. पन कोनी इच्यारलं तर तुमचं येक आन माजं येक असं नको व्हायला, म्हनून आदी इच्यारते."

"आणि चौथ्या होलवर ठोंबरे साहेबांनी काय केलं, तेही सांगशील?"

"त्यांनी काय केलं?"

"चेंडू उचलून पुसला ना? माझी टोपी उडाली तेव्हा."

"नाय वं ताई. चष्मा पुसला त्यांनी. डोळ्यात माती गेलती, खाली वाकून चष्मा पुसत व्हते. चेंडू आपला आपन गेला. मी तिथंच उभी व्हते."

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"तुमी इच्यारलं नाय."

नळ चालूच राहिला होता. ठमीने उठून तो बंद केला.

भाग्यश्रीने ओलं तोंड पुसलं. गप्प राहणं सोपं होतं. ठमीला सांगायचं, कोणी काही विचारणार नाही, जा घरी. पण निलेशने पुढे केलेला हात तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

आत सेक्रेटरी आणि निलेश एकाच टेबलावर बसले होते. ती उभ्याउभ्याच बोलली. "नवव्या होलवर मी चेंडू मार्क केला होता. उचलून ठेवला होता. मी खोटं बोलले. तो होल मी सोडते, कप निलेशचा आहे."

सेक्रेटरी क्षणभर थांबले. तोच थांबा. पण आज त्याला कारण होतं, आणि ते कारण तिनेच दिलं होतं.

निलेशने चहाचा कप खाली ठेवला. "का पण?"

"मला वाटलं, चौथ्यावर तू तसंच केलंस."

"मी?" तो म्हणाला. चिडला नाही. "तुला तसं वाटलं?"

कप त्यालाच मिळाला. फोटो काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी वाजवल्या नाहीत. तिने खरं सांगितलं याचं सेक्रेटरींनी कौतुकही केलं, पण तिच्याकडे न बघता.

दोघं निलेशच्याच गाडीने आले होते, त्यामुळे परतही एकत्रच जावं लागलं. चौक गावाजवळ झाड आडवं पडलं होतं, गाड्या एकेक करून सुटत होत्या. गाडी थांबल्यावर निलेश समोर बघतच म्हणाला, "तिसऱ्या होलवर तुझा चेंडू बाभळीला लागून बाहेर आला होता."

"हो."

"मी बघितला नव्हता येताना. तू म्हणालीस म्हणून."

"खरंच लागून आला होता, निलेश."

"बरं," तो म्हणाला.

झाड हटवलं, गाड्या हलल्या.

सोमवारी सकाळी उत्पादन विभागातून नमुन्याच्या बाटल्या आल्या. त्या नेहमी शिपाई आणून ठेवायचा आणि निघून जायचा. आज एक ऑपरेटर आला आणि टेबलाशेजारी उभा राहिला.

"काही काम आहे?" भाग्यश्रीने विचारलं.

"नाही मॅडम," तो अवघडून म्हणाला. "टेस्ट होईपर्यंत इथेच थांबायला सांगितलंय ठोंबरे साहेबांनी."

तिने त्याला बसायला स्टूल दिलं. हातमोजे घातले, पहिली बाटली उघडली आणि त्याला नीट दिसेल अशी थोडी बाजूला सरून कामाला लागली.