एकसष्ट टक्क्यांवर थांबलेली वहिनी

"वन्सं, कडेनं धरा हं. बोटं लावू नका. हिच्या पाठीवर काही लिहू नका, काही चिकटवू नका. आणि बिट्टीला अठरावं लागेल ना, त्या सकाळी तिच्या हातात द्या. ह्यांना नाही जमायचं. हे रडत बसतील."

वहिनीने हे सांगितलं तेव्हा तिच्या हातात एक डीव्हीडी होती आणि मनगटाला दवाखान्याची पट्टी. बिट्टी सात वर्षांची होती. आपल्या लेकीसाठी वहिनीने तासाभराचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. महिन्याभरात ती गेली.

तिने सांगितलं त्यातलं निम्मं मी पाळलं आणि निम्मं मोडलं. मोडलं तेही मोठ्या भक्तिभावाने. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सभागृह आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पांढरा पडदा आणि माझ्या दादाने सगळ्यांसाठी मांडलेला कॉम्प्युटर. घरोघरचे डीव्हीडी प्लेअर एकेक करून बंद पडत चालले होते. डिस्कमधलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, लहान फाइल करायची आणि ज्याची त्याला द्यायची, हा दादाचा निवृत्तीनंतरचा उद्योग. सुरुवातीचे काही महिने तो सुरळीत चालला.

मग डिस्का अडायला लागल्या.

त्या रविवारी सकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्याकडे ठेवायला दिलेली वहिनीची डिस्क दादाने घातली होती. पडद्यावर टक्के चढत होते. चाळीस. पन्नास. साठाच्या पुढे गेल्यावर कॉम्प्युटरच्या खोक्यातून आवाज यायला लागला. आधी बारीक घुमल्यासारखा, मग चढत चढत असा, की पुढच्या रांगेतली माणसं खुर्च्यांसकट मागे सरकली. कुणीतरी दार बंद करून आत हुंदके देतंय, हुबेहूब तसा.

एकसष्ट टक्के. आवाज थांबला. पडद्यावर दोन ओळी आल्या : वाचता येत नाही, प्रत अपुरी राहिली.

"तिसऱ्यांदा," दादा म्हणाला. "बरोबर एकसष्टावर."

जेवढं उतरलं होतं तेवढं त्याने लावून बघितलं. वहिनी दिसली. खिडकीशी बसलेली, खांद्यावर शाल. एकाएकी तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, डोळा एकीकडे, हनुवटी एकीकडे, आणि पुन्हा जुळले. त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही माझी माळ हातात थांबते. वहिनीने ओठ मिटले होते, आणि तिचं बोलणं मात्र चालूच होतं.

"पाहिलंत?" मागून धीरगंभीर आवाज आला. "बाई गेल्या नाहीत. अडकल्यात."

हे मौनीमहाराज. नाव मौनी, पण एकदा सुरू झाले की ऐकणाऱ्यांनीच मौन पाळायचं. चार महिन्यांपूर्वी ते आमच्या शेजारच्या इमारतीत मुक्कामाला आले होते.

"देह जळतो, डेटा जळत नाही!" महाराज पडद्यापाशी आले. "माउली दर्शन देते, पण प्रत काढू देत नाही. का? आत्म्याला फॉरमॅट नसतो! तुम्ही त्याला दाबून लहान फाइल करायला निघालात. तो रडणार नाही तर काय करेल?"

"मग काय करायचं, महाराज?" दादाने विचारलं. माझा दादा, जो उभ्या जन्मात कुणाच्या पाया पडला नाही, तो हात जोडून उभा होता.

"मोकळं करायचं. पुढच्या रविवारी, सगळ्यांसमोर. आपल्या हातांनी दोन तुकडे."

हे नवीन नव्हतं. तोवर अकरा घरांनी आपापल्या डिस्का मोडल्या होत्या. कुणाची रडली, कुणाची घुमली, कुणाची अडली. चौथ्या मजल्यावरच्या नर्सताईंनी आपल्या मुलाच्या लहानपणाची मोडली. मुलगा पोहायला गेला तो परत आला नव्हता. तुकडे महाराज घेऊन जात आणि त्या बदल्यात स्वतःच्या प्रवचनाची डिस्क देत. गुळगुळीत, चकचकीत, वर महाराजांचा फोटो. ती कधीच अडत नसे. दादा सगळ्यांदेखत तिची प्रत काढी आणि ती शंभराला जाऊन थांबे. हल्ली जिना चढताना दारादारातून एकच आवाज यायचा. ज्या घरात मुलाचं हसणं असायचं तिथेही तोच.

वहिनीची पाळी रविवारी होती. बिट्टीचा अठरावा वाढदिवस त्यानंतर तीनच दिवसांनी, बुधवारी.

"आत्या, आईची सीडी मोडणार?" बिट्टीने मला जिन्यात गाठलं. "मी अजून बघितलीही नाही."

"तुझे बाबा म्हणतात, तिला त्रास होतोय."

"आणि तू काय म्हणतेस?"

"बघू," म्हणून मी पुढची पायरी चढले. माझे रोजचे नेम आहेत. पहाटेचा दिवा, माळ, पहिला तास मौन आणि दिवसभरात खोटं न बोलणं. त्या दिवशी मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. वर जाऊन देवापुढे बसले. मनात देव येईना. मिटलेले ओठ येत होते, आणि कानात वहिनीचा आवाज. काही लिहू नका, काही चिकटवू नका.

चिकटवू नका.

मी ताडकन उठले. महाराज आले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी घरोघर पदक वाटलं होतं. बाटलीच्या झाकणाएवढं, जाड, फुगीर चिकटपदक, त्यावर त्यांची छबी. "घरातल्या स्मृती जपा. प्रत्येक डिस्कवर एक लावा, बाधा होणार नाही." वहिनीच्या डिस्कवर ते मी लावलं होतं. माझ्या हातांनी, नमस्कार करून.

सोमवारी मी ग्रंथालयात गेले. तिथल्या बाई अंध वाचकांसाठी बोलक्या पुस्तकांच्या डिस्का सांभाळतात. हजारभर तरी असतील. बोलायला अशा फटकळ, की पुस्तक उशिरा परत करायची कुणाची छाती होत नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पदक कुठे लावलंत? मधोमध?"

"मधोमध भोक आहे ना. मग बाजूला लावलं."

"सगळ्यांनीच?"

"सगळ्यांनीच."

"पंख्याच्या एका पात्याला वीट बांधा आणि पंखा पाचवर सोडा," बाई म्हणाल्या. "काय होईल?"

"खडखडेल."

"आणि तुम्ही म्हणाल, पंख्यात आजोबा आलेत." मग माझा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला. "रविवारी किती वाजता आहे तुमचं ते मोडणं?"

रविवारी दहाला सभागृह भरलं. टेबलावर वहिनीची डिस्क, शेजारी पांढरा रुमाल. दादाचे डोळे सुजलेले. बिट्टी भिंतीला टेकून उभी. ग्रंथालयातल्या बाई हातात एक डिस्क घेऊन तडक पुढे आल्या.

"महाराज, मोडायच्या आधी माझीही एक शंका निवारा. ही आमच्या ग्रंथालयाची, मधमाश्या पाळण्याची माहिती. तासाभराची. दादा, घाला बघू."

दादाने यंत्रवत घातली. साठ, ऐंशी, शंभर. कसलाही आवाज नाही.

"ही शुद्ध आहे," महाराज म्हणाले. "हिच्यात कुणी अडकलेलं नाही."

"हे बरं झालं तुम्हीच सांगितलंत. आता हिच्यावर तुमचं पदक लावू. मग तर आणखी शुद्ध होईल." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही लावा. तुमचा हात भक्तीचा आहे."

मी लावलं. अकरा वर्षांपूर्वीचा वहिनीचा आवाज कानात होता.

चाळीस. पन्नास. मग खोक्यातून तेच सुरू झालं. बारीक घुमणं, चढत जाणारं, दार बंद करून दिलेले हुंदके. बायकांनी पदर तोंडाशी नेले. बासष्ट टक्के. थांबलं.

"आता ह्यात कुणाचा आत्मा आहे, महाराज?" बाईंनी विचारलं. "मधमाशीचा?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पदकाची शक्ती भिनायला वेळ लागतो," महाराज म्हणाले. "अश्रद्धेच्या जागी यंत्र बिघडतं..."

"यंत्र तेच, डिस्क तीच, खोलीही तीच. मघाशी प्रत झाली, आता झाली नाही. मध्ये फक्त पदक आलं." बाई लोकांकडे वळल्या. "प्रत काढताना डिस्क भन्नाट वेगाने फिरते. ती मधून सुरू होते आणि काठाकडे वाचत जाते. एका बाजूला वजन असलं की ती हेलपाटते. मधल्या भागात खपून जातं, काठाकडे खपत नाही. म्हणून घुमते, म्हणून साठाच्या आसपास अडते. नुसती बघायला लावली तर सावकाश फिरते. म्हणून दर्शन होतं आणि प्रत होत नाही."

"पण ओठ?" दादाचा आवाज फुटला. "ओठ मिटलेले होते, आणि ती बोलत होती."

"वाचता न येणारा भाग सोडून पुढे जा, असं तुम्ही कॉम्प्युटरला सांगितलं होतं का?"

दादाने होकारार्थी मान हलवली.

"मग चित्राचे तुकडे गळले, आवाजाचे तेवढे गळले नाहीत. चित्र पुढे निघून गेलं, आवाज मागे राहिला. एवढंच, दादा. तुमच्या बायकोला कसलाही त्रास झालेला नाही."

दादा खाली बसला.

"आमच्या महाराजांच्या डिस्कवरही छबी आहे!" महाराजांचा एक माणूस ओरडला. "ती कशी अडत नाही?"

"आण की," बाई म्हणाल्या. त्यांनी ती डिस्क घेऊन माझ्या हातात दिली. "नखाने बघा, कडा लागते का."

मी नख फिरवलं. कुठेच काही लागलं नाही. गुळगुळीत. फोटो चिकटवलेला नव्हताच, थेट डिस्कवर छापलेला होता.

"ह्यांच्या डिस्कवर छापलंय," मी म्हणाले. माझा आवाज तसा कुणाला ऐकू जात नाही, त्या दिवशी मागच्या भिंतीपर्यंत गेला. "आपल्याला मात्र चिकटवायला दिलं."

महाराज पहिल्यांदाच नावाप्रमाणे वागले. मग शाल सावरून बाजूच्या दाराने निघून गेले.

कुणी टाळी वाजवली नाही. कारण नर्सताई उठल्या होत्या.

"म्हणजे माझी डिस्क चांगली होती?"

"बहुतेक चांगलीच होती," ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या. त्यांनी एक खुर्ची नर्सताईंकडे सरकवली.

"मी माझ्या हातांनी मोडली," नर्सताई म्हणाल्या. "तो त्यात पोहायला शिकत होता."

बाधा म्हणतात ती मी त्या सभागृहात पाहिली. ती डिस्कमध्ये नव्हती. आम्ही दीडशे माणसं तिथे होतो, शिकलेली, आणि चार महिन्यांत एकानेही पदक लावलेली नि न लावलेली डिस्क शेजारी शेजारी ठेवून बघितली नव्हती. मी देव मानते. उद्याही पहाटे दिवा लावीन. पण मला विचारायची बुद्धी दिली आणि मी ती वापरली नाही, ही भक्ती नव्हे. तुमच्या दारी कुणी चमत्कार घेऊन आला तर नमस्कार करायच्या आधी एवढंच करा. तो चमत्कार मधमाश्यांवर करून मागा. आणि कुणी काही मोडायला सांगितलं, तर आज मोडू नका. आजच्या आज मोडायची घाई सांगणाऱ्याचीच असते.

बाईंनी जाताना दादाला वेग कमी करायला शिकवलं. सोळा पटीवरून दोन पटीवर. पदक ओढून काढायचं नाही, डिस्कलाच इजा व्हायची. मंगळवारी दुपारी वहिनीची प्रत निघाली. मी शेजारी माळ घेऊन बसले होते. साठ. एकसष्ट. मी माळ खाली ठेवली. बासष्ट. खोक्यातून नुसती सुळसुळ. शंभराला दादाने डोळे पुसले आणि म्हणाला, "आणखी एक काढतो. एक तुझ्याकडे राहू दे." त्या प्रतीत वहिनी बोलते तेव्हाच तिचे ओठ हलतात. पुढचं आम्ही बघितलं नाही. ते आमच्यासाठी नव्हतं.

बुधवारी पहाटे दिवा लावला. मौनाचा तास अजून संपायचा होता. मी मूळ डिस्क डबीतून काढली, दोन्ही तळव्यांमध्ये कडेनं धरली आणि बिट्टीच्या दाराकडे जायला जिना चढू लागले.