बाटलीतले भाडेकरू

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी प्रोफेसर निवेस माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण ठेवायचं की काढायचं, ते ठरवणार होत्या. त्या प्रकरणात एकच जनुक होतं. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात अमोनिया पकडून ठेवणारं एक विकर असतं, त्याचं. अडचण एवढीच, की ते जिवाणूंच्या जनुकासारखं दिसत होतं.

“तिहाना, हे शेवाळाचं नाहीच,” निवेस म्हणाल्या. “तुझ्या बाटलीत जिवाणू राहतात, त्यांचं आहे. भाडेकरूंचं सामान घरमालकाच्या नावावर दाखवतेयस.”

मी प्रतिजैविकं घालून भाडेकरू हाकलले. पाचव्या दिवशी बाटलीतलं, शेवाळामुळे तपकिरी दिसणारं पाणी नितळ झालं. शेवाळही मेलं होतं. पुन्हा केलं, पुन्हा मेलं.

ओंदिनामावशी रोविन बंदरातल्या आमच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं शेवाळं सांभाळत होती. सार्डिन मासे घातलेला पाव घेऊन ती दारातच उभी राहिली. आत खायला बंदी होती, आणि ती तिनंच घातली होती.

“पाण्यात काय काय घालतेस?”

“नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, लोह.”

“आणि बी-१२?”

“ते संपलंय, मावशी. दोन वर्षं कोणीच घालत नाही. तरी वाढायचं की.”

“मग कोण घालत होतं?” तिनं शांतपणे एक घास चावला. “अगं, तू स्वयंपाकीणच मारलीस.”

मी खुर्चीत बसले. जिवाणू शेवाळाला जीवनसत्त्व पुरवतात, हे मी स्वतः पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं, आकृतीसकट.

शेजारच्या विभागातून बी-१२ मागून आणलं. प्रतिजैविकांबरोबर ते घातलेली तिसरी बाटली दहा दिवसांत छान तपकिरी झाली. तिच्यातला थेंब पोषक जेलीवर पसरून पाहिला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जिवाणू एकही नाही. शुक्रवारी सकाळी त्या शेवाळात जनुक शोधलं. पडद्यावर जनुक सापडल्याची पट्टी उमटली, ठळक, नेमकी हव्या त्या जागी.

निवेसनी चष्मा वर सारला, पट्टी पाहिली, जेलीची बशी दोनदा उलटसुलट केली.

“प्रकरण राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण पहिल्या प्रकरणातली ती आकृती मोठी कर.”

त्या गेल्यावर मावशीनं विचारलं, “म्हणजे हे जनुक पहिल्यापासून शेवाळाचंच?”

“नाही. बहुधा कोट्यवधी वर्षांपूर्वी एखाद्या जिवाणूकडून आलं, आणि राहिलं.”

“मग तुझी प्रोफेसर तशी बरोबरच होती.”

“हो,” मी म्हणाले, “पण त्यांना आजचा दिवस सांगू नकोस.”