राऊळांची सून आया नाही

डिलाईल रोडच्या त्या चाळीत नळाचं पाणी जायच्या आत बकुळा राऊळचं अर्धं काम उरकलेलं असे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसून पावडर लावायची, खालचं मेणकापड धुवायचं आणि मग भाताची पेज चमच्याने भरवायची. कोंडीराम राऊळ म्हणजे गिरणीत जन्म घालवलेला मोठ्या हाडाचा माणूस. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण वजन काही गेलं नाही. पेज गिळताना त्यांना ठसका लागे आणि ती सगळी बकुळाच्या तोंडावर उडे. ती पदराने चेहरा पुसे आणि पुढचा चमचा भरे.

"अण्णा, सावकाश. पळून नाय चालली पेज."

अण्णा डाव्या ओठाने हसत. त्या घरात त्यांच्याशी थट्टा करणारी ती एकटीच होती.

हे दोन हजार एकवीसच्या मे महिन्यातलं. करोनाची दुसरी लाट होती आणि शहरात लस हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जात होता. बकुळाचा नवरा रघुवीर अठ्ठेचाळीसचा. पंचेचाळीसच्या वरच्यांना सुरुवात होताच तो दादरला जाऊन टोचून आला आणि दंडाचा फोटो त्याने गावच्या ग्रुपवर टाकला. अण्णांचा वयाने पहिला हक्क होता, पण तीन जिने उतरून केंद्रावर जाणं त्यांना शक्य नव्हतं आणि घरी येऊन टोचायची सोय तेव्हा कुणी केली नव्हती. मुलगी रुचा वीस वर्षांची, पोटमाळ्यावर बसून मोबाइलवर कॉलेज करणारी. आणि बकुळा बेचाळीसची. पंचेचाळीसच्या आतल्यांची सरकारी लस डोसांअभावी थांबलेली, नोकरी नाही, दवाखान्यातली नाही, पोलीस नाही. सरकारदरबारी ती गृहिणी होती आणि गृहिणी म्हणजे घरात बसलेली बाई, तिला कसला धोका, असं फायलींना वाटतं. फायलींना कधी कुणाचं अंथरूण बदलावं लागत नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रघुवीरला बजावलं होतं, "अण्णांना लस मिळत नाही तोवर निदान वहिनींना लवकर मिळेल असं बघा. त्या दिवसभर त्यांच्या तोंडाशी असतात. एकाला झालं तर दुसऱ्याला झालंच समजा." रघुवीरने मान हलवली होती. मान हलवण्यात तो कधी कमी पडला नाही.

त्याच महिन्यात चाळीच्या मंडळाने एका खासगी रुग्णालयाशी बोलून शिबिर ठरवलं. अठराच्या वरच्या सगळ्यांना लस मिळणार होती, पण डोस थोडे आणि चाळ मोठी. आधी कोण, मागून कोण, हे ठरवायला मंडळाच्या खोलीत बैठक बसली. मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे आपला रघुवीरच. पतसंस्थेतला क्लार्क, अक्षर सुंदर, शब्द मोजके आणि गणपतीत पावतीपुस्तक सांभाळणारा म्हणून चाळीत वट.

"डोस कमी आहेत. म्हणून जे बाहेर कामाला जातात ते आधी. घरात असणारे नंतर, उरले तर," त्याने सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. वॉचमन, रिक्षावाले, कुरिअरवाले यादीत वर गेले. मागच्या इमारतीतली चंपा कांबळेही वर गेली. ती प्रभादेवीला एका आजारी म्हातारीकडे आया म्हणून जायची. तिला वर घेतलं हे योग्यच झालं.

अध्यक्ष दत्ताराम वयाने मोठे, बोलायला फटकळ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रघू, वहिनी खाली कशा रे?"

"गृहिणी सगळ्याच खाली आहेत, दत्तारामभाऊ. मी सेक्रेटरी. माझ्याच बायकोला वर घेतलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"अरे, पण चंपाला घेतलं ना? ती म्हातारीचं करते, म्हणून आया. वहिनी अण्णांचं करतात, त्या कोण? तू आया लिही. खोटं काय आहे त्यात?"

खोलीत कुणीतरी हसलं. त्या हसण्याने घात केला. रघुवीरचे कान लाल झाले.

"राऊळांची सून आया? गावाला कळलं तर काय म्हणतील? रघूने बापाला नोकराच्या हाती दिलं? सासऱ्याचं करणं हे काम नसतं, भाऊ. ते कर्तव्य असतं."

"मग कर्तव्य करणाऱ्याला रोग होत नाय काय?"

दारात चहाची किटली घेऊन बकुळा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. चार पुरुषांत बोलायची तिची सवय नव्हती, तरी ती बोलली.

"लिहा ना भाऊ आया. मला त्यात काय कमीपणा नाय. माझ्यामुळे अण्णांना काय झालं तर मी कुठे तोंड दाखवू?"

"बकुळा!" रघुवीर हळू आवाजात म्हणाला. हळू आवाजातलं ओरडणं चाळीतल्या प्रत्येक बायकोला समजतं. "चहा ठेव आणि वर जा. अण्णा एकटे आहेत."

अण्णा एकटे आहेत हे मात्र त्याच्या बरोबर लक्षात होतं. बकुळा वर गेली. दत्तारामांनी आणखी दोन शब्द ऐकवले आणि मग तेही गप्प बसले. दुसऱ्याच्या बायकोसाठी किती भांडायचं, याला आपल्याकडे मर्यादा आहे. त्या खोलीतला एकही माणूस वाईट नव्हता हेच तर दुखणं आहे. वाईट माणसांशी भांडता येतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं या घरात झालं होतं. जिच्या जिवावर म्हातारा जगत होता तिच्या कामाला त्यांनी काम म्हणायचं नाकारलं आणि वर त्याला घराण्याची अब्रू म्हटलं.

शिबिर झोकात झालं. रघुवीर दिवसभर गर्दीत धावला, खुर्च्या लावल्या, टोकनं वाटली, फोटोसाठी मास्क खाली केला. संध्याकाळपर्यंत डोस संपले. गृहिणींना पुढच्या शिबिराचं आश्वासन मिळालं आणि टाळ्या वाजल्या.

दोन-तीन दिवसांत रघुवीरला ताप आला. एक डोस झाला होता म्हणून फार काही झालं नाही, घसा खवखवला, अंग मोडून आलं. पण घरी आजारी पुरुष म्हणजे काय ते ज्या बायकांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तो पोटमाळ्यावर झोपला, रुचा शेजारच्या मावशीकडे गेली आणि बकुळा शिडीवरून काढे, सूप, गरम पाणी वर पोचवत राहिली. खाली अण्णा होतेच. त्यांना कुणाकडे देणार? तिने ठाण्याच्या दिराला, धनेशला, फोन केला.

"भावजी, चार दिवस अण्णांना तुमच्याकडे न्याल का? नाहीतर तुम्ही या."

"वहिनी, आमच्या सोसायटीत बाहेरच्यांना एंट्री नाही हो. आणि मला इथे प्रोटोकॉल आहे. पण तुम्ही आहात म्हणून आम्हाला घोर नाही. तुम्ही म्हणजे देवमाणूस."

देवमाणूस म्हटलं की विषय संपतो. देवाला कुठे लस लागते!

बकुळाच्या अंगात कणकण शिरली तेव्हा तिने ती कुणाला सांगितली नाही. दोन मास्क एकावर एक चढवले, चेहरा वळवून ती अण्णांना भरवू लागली. पाठ पुसता पुसता तिला धाप लागायची आणि ती पलंगाच्या कडेला टेकायची. अण्णांचं शरीर गेलं होतं, डोळे गेले नव्हते. गिरणीत एखादा कामगार आजारी पडला की त्याच्या जागी फाटकावर वाट बघत उभा असलेला बदली कामगार लागायचा. अण्णांनी स्वतः कित्येक वर्षं बदलीवर काढली होती. ते जड जिभेने म्हणाले,

"बदली लाव गो… बदली."

"आमच्या खात्यात बदली नसतो, अण्णा," बकुळा हसून म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली.

"रघ्याक… सांग."

"त्यांना बरं नाय."

रुचाने दारातून आईचा चेहरा पाहिला आणि कुणाचं न ऐकता ती आत आली. मंडळाचं ऑक्सिमीटर तिने आईच्या बोटाला लावलं. आकडा बघून तिने खाली धाव घेतली, दत्तारामांनी फोन फिरवले आणि मोठ्या मिनतवारीने एक खाट मिळाली. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना बकुळा मुलीला सांगत होती, "अण्णांच्या पेजेत मीठ कमी घाल. डाव्या कुशीवर फार वेळ ठेवू नको." स्वतःबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बायकांच्या या गुणाचं आपण फार कौतुक करतो. मला आता त्या कौतुकाची शिसारी येते.

रुग्णालयात बकुळाची कूस बदलायला, तिला पाणी पाजायला बायका होत्या. पगारी, पाळीपाळीने येणाऱ्या, घरी जाऊन झोपणाऱ्या आणि लस घेतलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं करत होतं. ते सुख तिला आठवडाभरही लाभलं नाही. बकुळा गेली. घरी आणायची परवानगी नव्हती. रघुवीरने लांबून हात जोडले.

चाळीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "नशीबवान हो, अहेव गेली." मंडळाने फाटकावर फ्लेक्स लावला. हसऱ्या फोटोखाली लिहिलं होतं, सेवामूर्ती कै. सौ. बकुळा रघुवीर राऊळ. मजकूर सेक्रेटरींचाच. आया म्हणायला ज्यांची जीभ रेटली नाही, त्यांना सेवामूर्ती म्हणायला काही अडचण आली नाही.

अण्णा वाचले. का वाचले ते डॉक्टरांनाही सांगता येईना. बहुधा त्या दोन मास्कांमुळे आणि वळवलेल्या चेहऱ्यामुळे. पण रघुवीर दूर खुर्चीत बसून राही आणि रुचाच्या एकटीच्या हातांना ते वजन पेलत नसे. अण्णांच्या पाठीला जखम झाली. खोलीत वास येऊ लागला.

तेराव्याला धनेश आला. दोन्ही डोस झालेला, हातात सॅनिटायझरची बाटली. जेवणं झाली आणि अण्णांचा विषय निघाला. दत्ताराम बसले होते. चंपा रुचाला भेटायला आली होती, ती दाराशी उभी होती.

"आया पुरवणाऱ्या ब्युरोला विचारलं," रघुवीर म्हणाला. "ते म्हणतात, अशा पेशंटला दोन बायका लागतील, एक दिवसाची, एक रात्रीची. एकटीला द्यायला तयार नाहीत. नियम आहे म्हणतात."

"बरोबर आहे दादा," चंपा म्हणाली. "एकटीच्याने दिवस-रात्र होत नाय. माणूस मरेल."

चंपाने जीभ चावली, पण बोलून गेली होती.

धनेश घसा साफ करत म्हणाला, "बाहेरची बाई घरात कशाला आता? काळ कसा आहे! घरात रुचा आहे की. कॉलेज काय, ऑनलाइनच आहे. आणि आजोबांची सेवा केली तर पुण्यच लागेल तिला. वहिनींचे संस्कार आहेत."

रघुवीरने मान हलवली.

रुचा मोरीपाशी आजोबांचं मेणकापड धूत होती. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि बाहेर आली. रडून सुजलेले डोळे, पण आवाज स्वच्छ.

"नाही करणार."

"काय?"

"एकटी नाही करणार, काका. आजोबा माझे आहेत तसे तुमचे बाप आहेत. पप्पांचेही आहेत. ब्युरोवाले दोन पाळ्या म्हणतात ना? एक पप्पांची, एक तुमची. मी मदतीला आहे. पण माझं नाव मंडळात आया म्हणून लिहायचं, या चाळीत जी जी बाई घरच्या आजाऱ्याचं करते तिचंही लिहायचं आणि सगळ्यांना लस आधी. नाहीतर मी आजोबांना हात लावणार नाही."

"रुचा! मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?" रघुवीर म्हणाला. आवाज तोच, हळू.

"आई पद्धतीने बोलली होती, पप्पा. चहाची किटली हातात घेऊन बोलली होती."

दत्ताराम म्हणाले, "पोरी, नावं मी लिहितो. आजच लिहितो. रघू, तुझं काम नाय ते."

धनेशने घड्याळ पाहिलं. ठाण्याला पोचायचं होतं, उद्या मीटिंग होती. तो निघाला. जाताना त्याने वडिलांच्या पायाला हात लावला, लगेच हातांना सॅनिटायझर लावलं आणि तो जिना उतरला. त्याला थांबवावं असं तिथे कुणालाच वाटलं नाही.

तेवढ्यात अण्णा कण्हले. कूस बदलायची वेळ झाली होती. सवयीने सगळ्यांचे डोळे रुचाकडे वळले. ती जागची हलली नाही. आजोबांच्या कण्हण्याने तिचा जीव तुटत होता, पण ती हलली नाही. अण्णा पुन्हा कण्हले.

रघुवीर राऊळ खुर्चीतून उठला. अठ्ठेचाळीस वर्षांचा मुलगा बापाच्या पलंगाशी जाऊन उभा राहिला आणि कुठे धरायचं ते त्याला कळेना.

वाचकहो, तुमच्या घरात असा एखादा पलंग असेल, तर त्याच्या कुठल्या बाजूला कोण उभं असतं ते आठवा. तिला देवमाणूस म्हणू नका. आज रात्रीची पाळी तुम्ही घ्या.