मुलींच्या संडासाचा प्रकल्प

शाळेतल्या प्रकल्प या शब्दाचाच बाईंना वीट आला होता. दरवर्षी तेच. थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याचं धरण, कापसाचे ढग. बाप कापणार, आई चिकटवणार आणि पोरगं छाती काढून सांगणार, आम्ही केलं. गटात नावं पाच, राबणारं एक, बाकीचे चौघे आयत्या बिळावरचे नागोबा. गुण मात्र सगळ्यांना सारखे. आता एवढी लबाडी शिकायला शाळेत कशाला यायला हवं, ती घरबसल्याही शिकता येते.

यंदा मात्र दुखणं घरात आलं. मोठ्या जावेची मुलगी बाईंच्याच वर्गात होती. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. अलीकडे ही भिंगरी शाळेतून आली की दप्तर दारात फेकून थेट संडासात धावायची. मग ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, पोर दिवसभर पाणी पीत नाही आणि दिवसभर दाबून धरते. असंच चाललं तर आतून कायमचं बिघडेल. सासूबाईंनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, शाळेतल्या संडासात कुणीच जात नाही, आजी.

शिक्षिकांचं संडास वेगळं, कुलपातलं. त्यामुळे मुलींच्या बाजूला बाईंनी कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टाकलं आणि तसंच मागे घेतलं. भांड्यात काळपट पाणी तुंबलेलं, त्यावर माशा. कोपऱ्यात वापरलेल्या कापडांचा बोळा सडलेला. नळ होता, पण फिरवला तर नुसता खाकरायचा. वासाचं तर काय सांगावं, डोळ्यांतून पाणी काढणारा. भिंतीवर कुणीतरी मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, स्वच्छता राखा. बाईंना त्या घाणीपेक्षा त्या अक्षरांचीच जास्त किळस आली.

तिथेच उभ्या उभ्या त्यांनी प्रकल्प ठरवला. साऱ्या वर्गाला एकच प्रश्न: हे संडास मुलींना वापरता यावं म्हणून काय काय करावं लागेल? गट चार. एक पाण्याचा, एक वासाचा, एक दाराचा आणि एक विचारणारा, म्हणजे मुली का जात नाहीत हे वर्गावर्गात फिरून विचारायचं. मेख अशी ठेवली की एका गटाचं दुसऱ्यावाचून अडलं पाहिजे. विचारणाऱ्यांनी काही आणलं नाही तर दारवाल्यांना काम नाही, पाणी आलं नाही तर वासवाले हात चोळत बसणार. आणि घरून काही करून आणायचं नाही. संडास काही घरी नेता येत नाही.

घरात भडका उडाला. जाऊ म्हणाली, लोकांच्या मुली नाच बसवतात, माझीच्या हातात हिने खराटा दिला. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर न बघता मोठ्या सुनेला विचारलं, पोरीला दवाखान्यात नेताना तुला लाज वाटली नाही, मग खराट्याची कसली वाटते?

मुख्याध्यापकांना पोरं मागून अत्तरदाणी म्हणायची, कारण ते यायच्या आधी त्यांचा वास यायचा. त्यांनी नाकाला रुमाल लावून परवानगी दिली. विषय जरा नाजूक आहे, म्हणाले, पण नावीन्य आहे, प्रकल्पांना बक्षीस देणाऱ्या समितीला आवडेल.

पहिले काही दिवस सगळा सावळा गोंधळ. मुलगे नाकं दाबून खिदळायचे. वासवाल्यांनी शहाणपणा करून घाणीवरच सुगंधी औषध ओतलं, तर त्या दोन वासांचं मिळून असं काही झालं की शेजारच्या वर्गाने खिडक्या लावून घेतल्या. विचारणाऱ्या गटातल्या मुलग्यांना एकीनेही उत्तर दिलं नाही. मग त्यांनी आपणहून मुलींना पुढे केलं आणि खरी गोष्ट बाहेर आली. घाण तर होतीच, पण मुली त्याआधीच जायच्या बंद झाल्या होत्या. दाराला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं तर दुसरीने बाहेरून दार धरायला हवं, आणि वर्गातून दोघींना एकदम सोडायचं नाही हा शिक्षकांचा नियम. झालं. कुणी जाईना, म्हणून कुणी धुईना, म्हणून कुणी जाईना.

हे ऐकून खिदळणं बंद झालं. दारवाल्यांनी कडी बसवली, ती आपल्या उंचीला. विचारणाऱ्यांनी पहिलीच्या मुली आणून दाखवल्या, टाचा उंचावूनही हात पोचेना. काढली, खाली बसवली. पाणीवाल्यांनी टाकीच्या नळातून मेलेली पाल आणि शेवाळाचा गोळा उपसला, एकजण तिथेच ओकला, बाकीच्यांनी त्याचंही धुतलं. कचऱ्याला झाकणाचा डबा आला. धुण्याच्या पाळ्या लागल्या, त्यात मुलगेही. भिंगरी दाराच्या गटात होती. मधल्या सुट्टीत ती आत जाऊन आली आणि काहीच झालं नाही अशा थाटात खेळायला पळाली.

इथवर सगळं बरं झालं. मग समितीचं पत्र आलं, पाहुणे प्रकल्प बघायला येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासाच्या दाराला बाहेरून नवा कोयंडा, त्यात पितळी कुलूप आणि वर लाल फीत.

बाईंनी विचारलं तेव्हा अत्तरदाणी समजुतीने म्हणाले, पाहुणे येईपर्यंत स्वच्छ राहायला नको का? पोरी वापरतील, घाण होईल, तुमच्याच कष्टांवर पाणी. बाईंना हा हिशेबच कळेना. संडास वापरल्याने खराब होतं म्हणून बंद ठेवायचं. म्हणजे ताट खरकटं होतं म्हणून जेवायचंच नाही. पाहुण्यांचं येणं दोनदा पुढे गेलं. किल्ली मुख्याध्यापक साहेबांच्या खिशात राहिली आणि पोरी पुन्हा पाय आवळून बसू लागल्या.

पाहुणे आले त्या दिवशी भाषणं लांबत गेली. सगळ्यांनी जे कधी पाहिलंच नव्हतं त्या संडासाची स्तुती केली. कडीबद्दल सांगायला भिंगरीला उभं केलं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते, घोट्यावर घोटा चढवून ती उभी होती. काकू, ती अगदी हळू म्हणाली. शाळेत ती बाई म्हणायची.

बाई साहेबांजवळ गेल्या, किल्ली मागितली. ते हसऱ्या चेहऱ्यानेच पुटपुटले, फोटो होऊ दे, मग. बाई पाहुण्यांसमोर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, किल्ली द्या. मुलींना लघवीला जायचंय."

त्या पाहुण्यांकडे वळल्या.

"आम्ही त्यांना संडास बांधून दिलं नाही, त्यांनीच ते वापरण्याजोगं केलं. आणि आपण त्याला कुलूप लावलं, कारण तुम्ही येणार होता."

मग पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्याने टाळी वाजवली. त्याला वाटलं नाटिका आहे. मागोमाग सगळ्यांनी वाजवल्या. फार प्रभावी सादरीकरण, असं एक पाहुणी शेजारणीला म्हणाली आणि रुमालाने डोळे टिपले. बाईंना वाटलं, त्या तुंबलेल्या भांड्यात हात घालणं सोपं होतं. साहेबांनीही नाटकातलंच पात्र असल्यासारखं वाकून किल्ली पुढे केली. बाईंनी ती ओढून घेतली.

पोरी धावल्या, बाईंनी कुलूप काढून हातातच ठेवलं. फीत पायाखाली गेली. फोटोवाला मागून पोचला तेव्हा दार आतून बंद आणि बाहेर ही लांब रांग. स्वच्छ संडासाचा फोटो काही निघाला नाही. पाहुणे थोडा वेळ ताटकळले, मग नाक मुरडून चहाला गेले.

ते गेल्यावर साहेब कुलूप मागायला आले. पुढच्या आठवड्यात आणखी पाहुणे होते. बाई म्हणाल्या, देणार नाही. पुढच्या वर्षी प्रकल्प तुमच्याकडे नाही, साहेब म्हणाले. नको, बाई म्हणाल्या.

साहेब कचेरीतून दुसरं कुलूप घेऊन आले. पण दारावर कोयंडाच नव्हता. चार भोकं तेवढी होती. दारवाला गट भिंतीला टेकून निरागस उभा.

कोयंडा कुणी काढला, असं साहेबांनी दरडावलं. दारवाले म्हणाले, पाणीवाल्यांना विचारा, शेवटी तेच आत होते. पाणीवाल्यांनी वासवाल्यांकडे बोट दाखवलं, वासवाल्यांनी विचारणाऱ्यांकडे. विचारणारे म्हणाले, सर, आमचं काम फक्त विचारायचं. साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघत कुलूप हातात खेळवत राहिले. पहिलीतली एक चिमुरडी त्यांच्या मागे येऊन थांबली होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

"बाजूला व्हा, सर," बाई म्हणाल्या. "तिला आत जायचंय."