मालोजींचे टाळ आणि दारातला कपॅसिटर

मित्रांनो, मी एक जुना कपॅसिटर आहे. भुईमुगाच्या शेंगेएवढा. गाडीच्या पुढच्या दारात, पत्र्याच्या आत राहतो. माझे काम राखणीचे. ढोलकीचा जाड आवाज आला की मी अडवतो, आणि टाळ-बासरीचे बारीक आवाज तेवढे लहान स्पीकरकडे सोडतो. जाड आवाज तिथे घुसला तर तो बिचारा जळून जातो.

कासारवाडीत गाड्यांचे स्पीकर बसवणाऱ्या रंगरावांनी दहा-बारा जणांतून मला पारखून निवडले, तेव्हा माझी छाती फुगली होती. गाडी मालोजींची. चाकणच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर बावीस वर्षे काढलेला माणूस. सुट्टीच्या दिवशी भजनी मंडळात टाळ वाजवायचा. मंडळाचे भजन गाडीत नीट ऐकावे म्हणून त्यांनी हौसेने नवे स्पीकर घेतले होते.

आठवड्यातच ते परत आले. सोबत मुलगी योगिनी.

"रंगराव, ह्यात टाळच ऐकू येईनात. मी हल्ली चुकतो म्हणतात मंडळात. गुरुवारी परत चुकलो तर टाळ खाली ठेवावे लागतील. गाडीत ऐकून बसवावं म्हटलं, तर हे असं."

सगळा ठपका माझ्यावर आला. मला काढून रंगरावांनी दुप्पट मोठा, जास्त आवाज सोडणारा भाऊबंद बसवला आणि आवाज चढवला.

"पप्पा, बंद करा! कानात सुया टोचतायत!" योगिनी ओरडली. लहान स्पीकर जळाल्याचा वास सुटला. मालोजी म्हणाले, "अजून कुठं वाजलेत टाळ?"

रंगरावांचा हात थांबला. "मालोजीराव, कंपनीत कानात बोळे घालता का न्हाई?"

"देतात की. पण प्रेसचा आवाज ऐकूनच मला कळतं, साच्याची डाय कुठं बिघडली. बोळे घातल्यावर काय कळणार? अख्ख्या लाइनवर माझ्यासारखा कान कुणाचा नाही." हे सांगताना ते अभिमानाने हसले.

रंगरावांनी दुसरा लहान स्पीकर जोडला, मला परत बसवले आणि तपासणीची बारीक शिट्टी लावली. मी ती जशीच्या तशी पुढे सोडली. योगिनीने कान झाकले. समोरच्या टपरीवरचा माणूस वळून बघू लागला.

मालोजी दाराला कान लावून वाकले होते. "लावा की राव," ते म्हणाले.

योगिनी रडू लागली, तेव्हा त्यांना समजले की शिट्टी केव्हाची वाजते आहे.

गुरुवारी त्यांनी स्वतःच टाळ मंडळात परत दिले. आता गाडीत भजन लागले की शेजारी बसलेली योगिनी त्यांच्या खांद्यावर बोटांनी ठेका धरते, आणि टाळ कुठे पडला ते त्यांना तेवढेच कळते.

मित्रांनो, मी बिघडलो तर रंगरावांच्या डब्यात माझ्या जागी दुसरा मिळेल. कानाचा असा डबा कुठल्याच दुकानात नाही. तुमच्या घरचे कोणी प्रेसवर असेल, तर सकाळी डब्याबरोबर कानातले बोळेही त्यांच्या हातात द्या. मी रोज टाळ सोडतो आहे. ज्यांच्यासाठी सोडतो, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाहीत.